अमेरिकेतील लॅटिनो समाज समाजमाध्यमांवर नेमका कुठे भेटतो?

ह्यूस्टनमधील एका सामुदायिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या एका मराठी भगिनीने असा प्रश्न विचारला आहे : लॅटिनो समाज, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतील कुटुंबांचा समाज, समाजमाध्यमांवर अतिशय सक्रिय आहे असे सगळीकडे वाचायला मिळते, मग आमच्या केंद्राच्या फेसबुक पेजवर स्पॅनिशमध्ये टाकलेल्या पोस्टना महिनोन्महिने चार-पाच जणांपलीकडे प्रतिसाद का मिळत नाही, आणि हे पेज बंद करून दुसरे काही सुरू करावे का?

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, फ्रेस्नोच्या आसपासच्या शेतमजूर कुटुंबांपर्यंत आरोग्यविषयक माहिती पोहोचवण्याचे काम मी गेली सतरा वर्षे करत आहे. हाच प्रश्न पहिली दोन वर्षे मलाही छळत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण जे वाचले ते खरे आहे आणि आपला अनुभवही खरा आहे. या समाजाचा समाजमाध्यमांवरील वावर प्रचंड आहे, परंतु त्याचा मोठा भाग कुटुंबाच्या, गावाच्या, चर्चच्या आणि कामाच्या ठिकाणच्या बंद ग्रुपांमध्ये चालतो, जिथे संस्थेला आपोआप प्रवेश नसतो. संस्थेच्या पेजवर येऊन सर्वांसमक्ष काही लिहिणे ही या व्यवहारातील सर्वांत शेवटची आणि अनेकांना नकोशी वाटणारी पायरी आहे. आपण त्या पायरीवर उभे राहून मोजणी करत आहात, म्हणून आकडा चार-पाचच्या पुढे जात नाही.

आधी या समाजाचे आकारमान पाहू. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत लॅटिनो लोकसंख्या सुमारे ५ कोटी ५ लाख होती. २०२० मध्ये ती ६ कोटी २१ लाखांवर, म्हणजे देशाच्या १८.७ टक्क्यांवर गेली. आपल्या टेक्सासमध्ये तर २०२२ च्या अंदाजानुसार लॅटिनो हा सर्वांत मोठा समाजगट झाला. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले आहेत, आणि गोऱ्या लोकसंख्येच्या तुलनेत हा समाज बराच तरुण आहे. जनमताच्या पाहण्या करणाऱ्या प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी ५४ टक्के लोक व्हॉट्सॲप वापरत असल्याचे आढळले. सर्व अमेरिकी प्रौढांमध्ये हे प्रमाण २९ टक्के आणि गोऱ्यांमध्ये २० टक्के होते. टिकटॉक वापरणारे लॅटिनो ४९ टक्के होते, तर एकूण अमेरिकी प्रौढांत ३३ टक्के. व्हॉट्सॲपच्या बाबतीत लॅटिनोंच्या जवळ जाणारा दुसरा गट आशियाई अमेरिकी लोकांचा, म्हणजे आपलाच, ५१ टक्क्यांचा आहे. याचे कारण दोन्हीकडे सारखे आहे, आणि ते समजून घेतले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

ज्याची आई मेक्सिकोतील मिचोआकानमध्ये, भाऊ शिकागोत आणि मावसबहीण सान साल्वादोरमध्ये आहे, त्याला देशांच्या सीमा ओलांडून फुकट बोलता येणारे साधन हवे होते. परदेशी फोनची कार्डे विकत घेऊन दर मिनिटाचा हिशेब करणाऱ्या पिढीच्या हाती व्हॉट्सॲप आले, आणि त्या ॲपने टपाल, टेलिफोन आणि घरचा ओटा या तिघांची जागा घेतली. दुसरे कारण पैशाचे आहे. प्यूच्याच २०२१ च्या पाहणीत घरी ब्रॉडबँड असलेले लॅटिनो प्रौढ ६५ टक्के होते आणि गोरे ८० टक्के, पण स्मार्टफोन असणाऱ्यांचे प्रमाण दोघांत जवळजवळ सारखे होते. घरी इंटरनेट नाही आणि फक्त फोनवर सगळे भागते, असे लॅटिनोंपैकी चौघांत एक जण सांगत होता. याचा अर्थ असा की आपले पीडीएफमधील माहितीपत्रक, सात रकान्यांचा नोंदणी अर्ज आणि बारीक अक्षरांची सुंदर जाहिरात हे सगळे एका तडा गेलेल्या पडद्यावर, दिवसभराच्या तोडणीनंतर, मोजका डेटा जपत वाचले जाणार आहे.

या ग्रुपांचे स्वरूप नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. फ्रेस्नो आणि मादेरा भागात मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेली मिश्तेक या आदिवासी समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मूळ गावी ग्रामदैवत मानलेल्या संताचा उत्सव असला की गावातला एखादा तरुण फोनवरून फेसबुक लाइव्ह सुरू करतो, बँडवाले वाजवू लागतात, आणि इकडे द्राक्षमळ्यातून परतलेली माणसे रात्री उशिरापर्यंत ते पाहत एकमेकांची नावे घेऊन नमस्कार पाठवतात. त्याच लाइव्हवर चर्चच्या छपरासाठी वर्गणी जाहीर होते. गावासाठी श्रमदान करण्याच्या त्यांच्या प्रथेला तेकियो म्हणतात. परदेशी गेलेला माणूस श्रमाऐवजी पैसे पाठवतो आणि त्याचे गावातले स्थान टिकते. कोकणातल्या गावाचे मुंबईतले मंडळ ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. माझ्या दृष्टीने लॅटिनो समाजाच्या समाजमाध्यमांवरील सहभागाचे हे सर्वांत अस्सल रूप आहे, आणि जाहिरात कंपन्यांच्या अहवालांत ते जवळजवळ कुठेच दिसत नाही.

अशा ग्रुपांमधून एखादी गोष्ट बाहेर पडते तेव्हा ती किती वेगाने पसरते याची उदाहरणे अमेरिकेने पाहिली आहेत. २००६ च्या मार्चमध्ये कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना गुन्हेगार ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध लॉस एंजेलिसमध्ये सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर उतरले. इंग्रजी वृत्तपत्रांना तो मोर्चा अचानक उभा राहिल्यासारखा वाटला. वस्तुतः पियोलिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एदी सोतेलोसारखे स्पॅनिश रेडिओ निवेदक कित्येक दिवस सकाळच्या कार्यक्रमांतून लोकांना बोलावत होते, आणि शाळकरी मुले मायस्पेस व मोबाईल संदेशांवरून वर्गाबाहेर पडण्याची वेळ ठरवत होती. २०२० मध्ये टेक्सासच्याच फोर्ट हूड तळावर व्हेनेसा गियेन या तरुण सैनिकेची हत्या झाली. ह्यूस्टनमधील तिच्या कुटुंबाने न्यायाची मागणी लावून धरली, आणि लष्करातील लैंगिक छळाचे आपापले अनुभव हजारो स्त्रियांनी तिच्या नावाच्या हॅशटॅगखाली लिहिले. २०२१ च्या अखेरीस तिच्या नावाने केलेल्या सुधारणा संरक्षणविषयक कायद्यात आल्या. आपल्या केंद्रात येणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांच्या भिंतीवर तिचे चित्र असेल. हे मी एवढ्यासाठी सांगते की या समाजाला जाहीरपणे बोलता येत नाही असे कोणी समजू नये. बोलण्यासारखे आणि विश्वासाच्या माणसाकडून आलेले काही असले, की तो बोलतो.

विश्वासाची ही साखळी अफवाही तेवढ्याच वेगाने वाहून नेते. करोनाच्या लसीविषयी आमच्या भागात जे व्हॉइस मेसेज फिरले, त्यांत बोलणारी व्यक्ती स्वतःला परिचारिका म्हणवून घेई, आवाज प्रेमळ असे, सुरुवात ‘माझ्या बहिणींनो’ अशी असे, आणि पुढे लसीमुळे मूल होत नाही असे ठामपणे सांगितलेले असे. तो संदेश जाऊबाईकडून आलेला असे, त्यामुळे त्याच्यापुढे आमच्या छापील पत्रकाला काहीच किंमत उरत नसे. व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळे अशा अफवेचा बाहेरून पत्ता लागत नाही. मराठी वाचकांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच व्यक्तींना किंवा ग्रुपांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. फ्रेस्नोतल्या एका आजीबाईंनी मला विचारले होते की हा संदेश पाचांपेक्षा जास्त जणांना का जात नाही, तेव्हा मला राईनपाड्याची आठवण झाली आणि काही क्षण उत्तर देता आले नाही.

या बंद जगात प्रामाणिकपणे काम करण्याची रीत काही पत्रकारांनी आपल्या आधी शोधून काढली आहे, आणि मी ती त्यांच्याकडूनच शिकले. मारित्सा फेलिक्स यांनी २०२० मध्ये ॲरिझोनात कोनेक्ता अरिसोना सुरू केले, तेव्हा त्यांनी संकेतस्थळापेक्षा व्हॉट्सॲपवरील संवादावर भर दिला. ठरलेल्या वेळी, कॉफीला बसल्यासारखे, लोक प्रश्न विचारत आणि जाणकार उत्तरे देत. न्यूयॉर्कमधील डॉक्युमेंटेड या संस्थेने स्पॅनिश भाषक स्थलांतरितांना काय जाणून घ्यायचे आहे ते व्हॉट्सॲपवर विचारून घेतले आणि त्यानुसार बातम्या केल्या. ओकलंडचे एल तिंपानो साध्या एसएमएसवर काम करते, कारण तो कोणत्याही फोनवर पोहोचतो. अर्जेंटिनाच्या चेकेआदो आणि स्पेनच्या माल्दिता या तथ्यपडताळणी संस्थांनी मिळून २०२२ मध्ये अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी फाक्तचेकेआदो सुरू केले. तिथे संशयास्पद संदेश लोक स्वतः पाठवतात. या सर्वांनी आधी कान दिला आणि मग तोंड उघडले. फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील तथ्यपडताळणीची भागीदारी थांबवण्याचे जाहीर केल्यापासून अशा संस्थांची गरज आणखी वाढली आहे.

आता भाषेविषयी, कारण आपल्या पेजवरील स्पॅनिश मजकूर मी वाचला आणि तो इंग्रजीवरून यंत्राने केलेला असावा असे मला वाटले. हे गंभीरपणे घ्यावे. व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर जानेवारी २०२१ मध्ये लस सक्तीची नाही हे वाक्य यांत्रिक भाषांतरामुळे स्पॅनिशमध्ये ‘लस आवश्यक नाही’ असे उमटले होते. आमच्याकडून झालेली चूक याहून साधी दिसणारी, पण तितकीच महाग होती. फ्लूच्या लसीसाठी आम्ही ‘ग्रिपे’ हा शब्दकोशातला शब्द वापरला. मेक्सिकोत ‘ग्रिपा’ म्हणजे साधी सर्दी, आणि फ्लूला लोक ‘इन्फ्लुएन्सा’ म्हणतात. सर्दीसाठी कोण सुई टोचून घेईल? एका हंगामात आमचे शिबिर जवळजवळ रिकामे गेले, आणि हे कारण आम्हाला आमच्या स्वागतकक्षातील मुलीने सांगितले. तिला आधी कोणी विचारलेच नव्हते. ह्यूस्टनमध्ये तर मेक्सिकन, साल्वादोरन, होंडुरन आणि केटी उपनगरातील व्हेनेझुएलन अशा सगळ्यांची स्पॅनिश वेगवेगळी आहे, म्हणून एकच मजकूर सर्वांना लिहिण्यापूर्वी निदान दोन देशांच्या माणसांकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा.

आदरार्थी बोलणे हाही भाषेचाच भाग आहे, आणि मराठी माणसाला ते लवकर कळते. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांत आपल्या ‘तू’ आणि ‘आपण’ यांच्याइतकेच अंतर आहे. जाहिरात संस्था तरुणांना आवडेल म्हणून सरसकट ‘तू’ वापरतात. पण साठीच्या ग्वातेमालन शेतमजुराला त्याच्या नातीच्या वयाच्या संस्थेने एकेरीत हाक मारलेली रुचत नाही. त्याचप्रमाणे स्त्री-पुरुष भेद टाळण्यासाठी ‘लॅटिनो’ऐवजी वापरला जाणारा ‘लॅटिनेक्स’ हा शब्द आपल्या पेजवरून काढून टाकावा असे मी सुचवीन. तो शब्द ज्यांना आपला वाटतो त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु प्यूच्या २०२३ च्या पाहणीत स्वतःसाठी तो वापरणारे लॅटिनो प्रौढ अवघे ४ टक्के होते.

याच्या उलट, सगळे काही स्पॅनिशमध्येच असावे हा समजही चुकीचा आहे. लॅटिनो प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोक बातम्या मुख्यतः इंग्रजीत घेतात आणि साधारण पाचांत एक जण मुख्यतः स्पॅनिशमध्ये. येथे जन्मलेली मुले आजीशी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये, भावंडांशी इंग्रजीत आणि टिकटॉकवर दोन्हींच्या मिश्रणात बोलतात. ‘मला माहीत नाही’ यासाठी ‘नो से’ऐवजी ‘नो साबो’ म्हणणाऱ्या मुलांची पूर्वी थट्टा होई. आता तीच मुले ‘नो साबो’ हे बिरुद अभिमानाने मिरवत व्हिडिओ करतात, आणि त्यांतली तळमळ पाहून परदेशातील कोणत्याही मराठी आईबापांना आपली मुले आठवतील. हीच मुले घरातल्या वडीलधाऱ्यांचे अर्ज भरतात, डॉक्टरांचे बोलणे भाषांतर करून सांगतात आणि आजीच्या फोनवर काय येते यावर लक्ष ठेवतात. त्यामुळे मधुमेहाविषयीचा इंग्रजी व्हिडिओ नातीने पाहिला, तर तो आजीपर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळ असते. आणि ज्यांची मातृभाषा मिश्तेक किंवा ग्वातेमालातील माम, किचे अशी आदिवासी भाषा आहे, त्यांच्यासाठी स्पॅनिशही परकीच असते. त्यांच्यापर्यंत लिहिलेले काहीच पोहोचत नाही, बोललेले पोहोचते. फ्रेस्नोचे रेडिओ बिलिंग्वे कित्येक वर्षे मिश्तेक भाषेत कार्यक्रम करत आले आहे ते याच जाणिवेतून.

एक गोष्ट मी सर्वांत जास्त काळजीने सांगते. २०२५ च्या जानेवारीत रुग्णालये, शाळा आणि प्रार्थनास्थळे यांच्या परिसरात स्थलांतरविषयक कारवाई टाळण्याचे जुने धोरण अमेरिकी सरकारने रद्द केले. त्याआधी २०१९ पासूनच व्हिसाच्या अर्जात समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती मागितली जात होती. अशा काळात आपल्या पेजवर ‘धन्यवाद, आपल्या केंद्रात मला चांगली वागणूक मिळाली’ असे लिहिणे म्हणजे स्वतःचे नाव, चेहरा आणि ठिकाण जगासमोर ठेवणे होय. लोक लिहीत नाहीत यात त्यांची उदासीनता नाही, सावधपणा आहे, आणि आपण त्याचा मान राखला पाहिजे. केंद्राबाहेरच्या रांगेचे, शिबिरातील कुटुंबांचे किंवा उभ्या गाड्यांचे फोटो टाकू नयेत. जुने असतील तर आजच काढावेत. कोणी स्वतःहून टिप्पणीत आपल्या आजाराविषयी विचारले, तर ती व्यक्ती आपली रुग्ण आहे असे सूचित होईल असे काहीही उत्तर देऊ नये. रुग्णांच्या गोपनीयतेचा १९९६ चा कायदा तिथेही लागू असतो. फक्त फोन क्रमांक द्यावा.

प्रत्यक्षात काय करावे, तर सुरुवात माणसांपासून करावी. आपल्या केंद्रात प्रोमोतोरा असतीलच, म्हणजे वस्तीतल्याच, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. आपल्याकडच्या आशा सेविकांशी त्यांचे बरेच साम्य आहे. त्यांच्यापैकी एकीला समाजमाध्यमांसाठी आठवड्यातील ठरावीक तास, त्या तासांचा पगार आणि केंद्राचा स्वतंत्र फोन द्यावा. तिच्या खाजगी क्रमांकावरून आणि फुकट वेळेत हे काम करवून घेणे अन्यायाचे आहे, आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी ते तसेच चालते. तिने लोकांच्या कौटुंबिक ग्रुपांत शिरू नये. लोकांनीच आपला प्रश्न केंद्राच्या क्रमांकावर पाठवावा, तिने डॉक्टरांना विचारून एका मिनिटाच्या आतल्या व्हॉइस मेसेजमध्ये, स्वतःचे नाव सांगून उत्तर द्यावे, आणि तो संदेश पुढे पाठवण्याजोगा असावा. या क्रमांकावर सर्वसाधारण प्रश्नच घ्यावेत. कोणाच्या तपासणीचे अहवाल, औषधे किंवा स्थलांतराची स्थिती यांची चर्चा तिथे होऊ देऊ नये, ती प्रत्यक्ष भेटीत किंवा केंद्राच्या सुरक्षित यंत्रणेवर करावी. उत्तर संध्याकाळी सातनंतर द्यावे, कारण बांधकामावरचा किंवा हॉटेलातला माणूस दुपारी फोन पाहत नाही. आवाज दर वेळी त्याच बाईचा असावा. आमच्याकडे हा बदल केल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत जेमतेम वीस जणांनी विचारणा केली. त्यानंतर मात्र, एका प्रश्नाच्या उत्तरात चुकीची माहिती गेली आणि आमच्या प्रोमोतोराने दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुरुस्त करून क्षमा मागितली, तेव्हापासून लोक मोकळेपणाने विचारू लागले.

मोजणीची पद्धतही बदलावी. लाइक मोजण्याऐवजी नोंदणी करताना प्रत्येक नव्या रुग्णाला ‘आमच्याविषयी कोणाकडून कळले’ एवढेच विचारावे आणि तोंडी मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवावे. बहुतेक जण कोमाद्रेचे, म्हणजे आपल्या मुलाच्या धर्ममातेचे, किंवा वहिनीचे नाव सांगतील. पुढे सहज विचारले की वहिनीने कसे सांगितले, तर ते फोन काढून व्हॉट्सॲपवर आलेला संदेश दाखवतील. आपला खरा प्रतिसाद तिथे दिसेल.

आणि फेसबुक पेज बंद करू नये. ज्याला आपला पत्ता वहिनीने दिला आहे, तो येण्यापूर्वी त्या पेजवर गुपचूप डोकावून जातो, कोणताही ठसा न ठेवता. तेथे त्याला चारच गोष्टी हव्या असतात : आज केंद्र किती वाजेपर्यंत उघडे आहे, स्पॅनिश बोलणारे कोणी भेटेल का, विमा नसेल तर किती पैसे पडतील, आणि कोणती कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. आपल्या पेजवर सध्या या चौथ्या प्रश्नाचे उत्तर कुठेच नाही. ते सर्वांत वर, उस्तेद वापरून, मोठ्या अक्षरांत लिहावे.